संकल्पना नकाशा व ज्ञानबदलाचे मापन

संकल्पना नकाशा (शालेय पाठ्यपुस्तकांतील रूढ शब्द : संकल्पनाचित्र) म्हणजे एखाद्या विषयातील संकल्पना आणि त्यांचे परस्परसंबंध दाखवणारी शब्दांकित आकृती होय. शिक्षणशास्त्र आणि बोधनिक मानसशास्त्र या क्षेत्रांत ही आकृती अध्यापनाचे साधन म्हणून वापरली जाते, तसेच नव्या माहितीमुळे शिकणाऱ्याच्या ज्ञानात कोणता बदल झाला हे मोजण्यासाठीही तिचा उपयोग केला जातो. या दुसऱ्या उपयोगात एकाच व्यक्तीने एकाच प्रश्नावर अध्यापनापूर्वी आणि अध्यापनानंतर काढलेले नकाशे शेजारी ठेवून त्यांची तुलना करतात. कोणती विधाने टिकली, कोणती गळली, कोणती नव्याने आली आणि नवी विधाने जुन्यांशी जोडली गेली की नाही, हे या तुलनेतून पाहिले जाते. नेहमीच्या लेखी परीक्षेत मिळालेल्या गुणांवरून माहिती किती लक्षात राहिली हे कळते. परंतु जुना गैरसमज दूर झाला की नव्या माहितीखाली तसाच झाकला गेला, हे त्यांवरून सहसा कळत नाही. या मापनपद्धतीचे महत्त्व याच भेदात आहे.

## स्वरूप

संकल्पना नकाशाचे घटक पुढीलप्रमाणे आहेत.

* संकल्पना : चौकटीत किंवा लंबवर्तुळात लिहिलेले नाम वा नामसमूह. उदा., 'पान', 'सूर्यप्रकाश', 'ऊर्जा'.
* जोडशब्द : दोन संकल्पनांना जोडणाऱ्या रेषेवर लिहिलेले, त्यांचा संबंध स्पष्ट करणारे शब्द.
* विधान : दोन संकल्पना व त्यांमधील जोडशब्द मिळून होणारे अर्थपूर्ण वाक्य. खरे-खोटेपणा विधानाचाच तपासता येत असल्याने मापनात हाच मूलभूत एकक मानला जातो.
* श्रेणीरचना : व्यापक संकल्पना वर आणि विशिष्ट संकल्पना खाली अशी मांडणी.
* आडवे दुवे : नकाशाच्या दोन वेगवेगळ्या शाखांतील संकल्पनांना जोडणारे संबंध.
* केंद्रवर्ती प्रश्न : नकाशाने ज्याचे उत्तर द्यावयाचे तो प्रश्न. प्रश्न बदलल्यास नकाशाही बदलतो. म्हणून तुलनेसाठी काढावयाच्या सर्व नकाशांना एकच प्रश्न असणे आवश्यक ठरते.

टोनी बुझान यांनी लोकप्रिय केलेला 'मनोनकाशा' याहून वेगळा आहे. मनोनकाशात एका मध्यवर्ती शब्दापासून फाटे फुटतात, पण फाट्यांवर संबंधदर्शक शब्द लिहिण्याचे बंधन नसते. त्यामुळे त्यात तपासण्याजोगी विधाने तयार होत नाहीत. विल्यम ट्रोकिम यांनी १९८९ मध्ये मांडलेली गटाधारित पद्धतीही 'संकल्पना नकाशांकन' याच नावाने ओळखली जाते. तीत अनेक व्यक्तींनी सुचवलेल्या कल्पनांचे संख्याशास्त्रीय तंत्राने गट पाडले जातात. तिचा उपयोग मुख्यतः नियोजन व मूल्यमापन यांसाठी होतो. प्रस्तुत लेखात त्या पद्धतीचा विचार केलेला नाही.

## इतिहास

या तंत्राचा उगमच ज्ञानबदलाच्या मापनातील एका अडचणीतून झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांच्या विज्ञानविषयक आकलनाचा दीर्घकालीन अभ्यास करीत होते. पहिली व दुसरीच्या मुलांना ध्वनिफितींच्या साहाय्याने २८ पाठ देण्यात आले. पदार्थाचे कणस्वरूप, ऊर्जा यांसारख्या मूलभूत संकल्पना त्यांत होत्या. पाठ मिळालेली १९१ मुले आणि न मिळालेली ४८ मुले यांच्या शालेय जीवनाच्या अखेरपर्यंत वेळोवेळी मुलाखती घेण्याचे ठरले.

मुलाखतींची लेखी प्रत अनेक पानांची होई. एकाच मुलाच्या दोन वर्षांतील मुलाखती वाचून त्याच्या समजुतीत नेमका कोठे बदल झाला हे ठरवणे अतिशय कठीण जाई. या अडचणीवर उपाय म्हणून १९७२ मध्ये मुलाखतीतील संकल्पना व विधाने एका पानावरील आकृतीत मांडण्याची कल्पना पुढे आली. म्हणजे आरंभीचे संकल्पना नकाशे विद्यार्थ्यांनी काढलेले नव्हते. संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या बोलण्यावरून ते तयार केले होते. विद्यार्थ्यांकडून नकाशे काढून घेण्याची प्रथा त्यानंतरची आहे.

या बारा वर्षांच्या अभ्यासाचा अहवाल नोव्हाक आणि डिस्मस मुसोंडा यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. आरंभीच्या इयत्तांत पाठ मिळालेल्या मुलांमध्ये पुढील वर्षांतही योग्य कल्पना अधिक आणि चुकीच्या कल्पना कमी आढळल्या. त्याआधी १९८४ मध्ये नोव्हाक आणि बॉब गोविन यांच्या 'लर्निंग हाऊ टू लर्न' या ग्रंथाने संकल्पना नकाशा व त्याच्या गुणांकनाची रीत शिक्षकांपर्यंत पोहोचवली होती. पुढे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील 'इन्स्टिट्यूट फॉर ह्यूमन अँड मशीन कॉग्निशन' या संस्थेत अल्बेर्तो कान्यास व सहकाऱ्यांनी 'सीमॅपटूल्स' ही संगणकप्रणाली विकसित केली. संकल्पना नकाशांकनावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००४ मध्ये स्पेनमधील पाम्प्लोना येथे भरली.

## सैद्धान्तिक पार्श्वभूमी

नोव्हाक यांच्या कार्याला डेव्हिड ऑसुबेल यांच्या अर्थपूर्ण अध्ययनाच्या सिद्धान्ताचा आधार आहे. ऑसुबेल यांच्या मते विद्यार्थ्याला आधीपासून काय ठाऊक आहे, हा अध्ययनावर परिणाम करणारा सर्वांत महत्त्वाचा घटक होय. नवी माहिती मनातील आधीच्या संकल्पनांना जाणीवपूर्वक जोडली गेली तर अर्थपूर्ण अध्ययन होते. ती सुटी राहिली तर घोकंपट्टी होते. घोकलेली माहिती लवकर विसरली जाते आणि चुकीच्या पूर्वकल्पनांना ती धक्का लावत नाही.

नवी माहिती आल्यावर जुन्या ज्ञानाचे काय होते, याचे विवेचन इतरही अभ्यासकांनी केले आहे. झां पियाजे यांनी सात्मीकरण (नव्या अनुभवाला जुन्या चौकटीत सामावून घेणे) आणि समायोजन (अनुभवासाठी चौकटच बदलणे) असा भेद केला. डेव्हिड रुमेलहार्ट व डोनाल्ड नॉर्मन यांनी १९७८ मध्ये भर, सूक्ष्म जुळणी आणि पुनर्रचना असे बदलाचे तीन प्रकार सांगितले. जॉर्ज पोस्नर व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये संकल्पनाबदलाच्या चार अटी मांडल्या : जुन्या कल्पनेविषयी असमाधान वाटले पाहिजे आणि नवी कल्पना समजण्याजोगी, पटण्याजोगी व पुढे उपयोगी पडणारी असली पाहिजे.

या सर्व विवेचनांतून मापनाच्या दृष्टीने एक समान निष्कर्ष निघतो. ज्ञानातील बदल म्हणजे केवळ वाढ नव्हे. त्यात भर, वगळणे, दुरुस्ती आणि फेररचना या चारही क्रिया येतात. केवळ बेरीज करणारे साधन यांपैकी पहिलीच क्रिया टिपते.

## मापनाची पद्धत

मारिया आराचेली रुइझ-प्रिमो आणि रिचर्ड शेव्हलसन यांनी १९९६ मध्ये नकाशाधारित मूल्यमापनाचे तीन भाग सांगितले : विद्यार्थ्याला दिलेले कार्य, उत्तर देण्याचे स्वरूप आणि गुणांकनाची पद्धत. यांतील एकही भाग बदलला तरी प्रत्यक्षात वेगळीच गोष्ट मोजली जाण्याचा संभव असतो. पूर्व-उत्तर तुलनेची सर्वसाधारण कार्यपद्धती पुढीलप्रमाणे असते.

१. वेगळ्याच, परिचित विषयावर नकाशा काढण्याचा सराव करून घेणे. हा सराव न झाल्यास उत्तरनकाशातील सुधारणा ज्ञानाची की आकृती काढण्याच्या कौशल्याची, हे ठरवता येत नाही.
२. केंद्रवर्ती प्रश्न देऊन पूर्वनकाशा काढून घेणे. संकल्पनांची यादी द्यावयाची असल्यास ती दोन्ही वेळी सारखीच ठेवणे.
३. अध्यापन, वाचन किंवा प्रयोग.
४. पूर्वनकाशा न दाखवता त्याच प्रश्नावर उत्तरनकाशा काढून घेणे.
५. शक्य असल्यास काही आठवड्यांनी तिसरा नकाशा काढून घेऊन बदल टिकला का ते पाहणे.
६. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे विधाने तपासणे.

उत्तराचे स्वरूप रिकाम्या चौकटी भरण्यापासून कोऱ्या कागदावर संपूर्ण नकाशा रचण्यापर्यंत असू शकते. रुइझ-प्रिमो व सहकाऱ्यांच्या २००१ मधील अभ्यासात ही दोन टोके परस्परांना पर्यायी नसल्याचे दिसले. विद्यार्थ्यांच्या ज्ञानातील फरक स्वतः रचलेल्या नकाशांत अधिक चांगले उमटले.

## गुणांकन

### संरचनात्मक गुणांकन

नोव्हाक व गोविन यांच्या रीतीत प्रत्येक योग्य विधानास १ गुण, श्रेणीरचनेच्या प्रत्येक योग्य पातळीस ५ गुण, महत्त्वाच्या व योग्य आडव्या दुव्यास १० गुण आणि प्रत्येक उदाहरणास १ गुण दिला जातो. आडव्या दुव्याला अधिक गुण देण्याचे कारण असे की, वेगवेगळ्या प्रकरणांत शिकलेल्या गोष्टी एकत्र आणणे हे अर्थपूर्ण अध्ययनाचे लक्षण मानले जाते. तज्ज्ञाच्या नकाशाला याच रीतीने गुण देऊन विद्यार्थ्याचे गुण त्याच्या टक्केवारीत मांडता येतात. विद्यार्थ्याचा नकाशा अधिक समृद्ध असल्यास ही टक्केवारी १०० हून अधिकही येऊ शकते.

### विधानांची गुणवत्ता

या रीतीत संख्येऐवजी प्रत्येक विधानाची अचूकता श्रेणीने ठरवली जाते. जॉन मॅक्ल्यूर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गुणांकनाच्या सहा पद्धतींची तुलना केली. त्यांत तज्ज्ञाचा नकाशा समोर ठेवून एकेका विधानाला गुण देण्याची पद्धत सर्वांत विश्वसनीय ठरली.

### साम्यगुणक

दोन नकाशांतील समान विधानांच्या संख्येला दोन्हींतील एकूण भिन्न विधानांच्या संख्येने भागले असता ० ते १ यांमधील साम्यगुणक मिळतो. पूर्वनकाशा व उत्तरनकाशा यांचा साम्यगुणक कमी असेल तर फेरबदल मोठा झाला असे समजतात. मात्र विस्मरणानेही साम्य कमी होते; म्हणून हा गुणक एकटा न वापरता तज्ज्ञाच्या नकाशाशी असलेल्या साम्याबरोबर वाचावा लागतो. तज्ज्ञाशी साम्य वाढून स्वतःच्या पूर्वनकाशाशी साम्य घटले असेल, तरच त्या बदलाला अध्ययन म्हणता येते.

### आकाराचे गुणात्मक विश्लेषण

इयन किंचिन, डेव्हिड हे आणि ॲलन ॲडम्स यांनी २००० मध्ये नकाशांचे आरी, साखळी आणि जाळे असे तीन आकार वर्णिले. आऱ्यांच्या आकारात सर्व संकल्पना एकाच केंद्राला चिकटलेल्या असतात. एखादी वाढली वा गळली तरी इतरांवर परिणाम होत नाही. साखळीत क्रम असतो, पण मधला एक दुवा चुकला की पुढचा सारा भाग निरर्थक होतो. जाळ्यात एका संकल्पनेकडून दुसरीकडे जाण्याचे अनेक मार्ग असल्यामुळे नवी माहिती सामावून घेणे सुलभ होते.

डेव्हिड हे यांनी २००७ मध्ये पूर्व-उत्तर नकाशांच्या तुलनेवरून तीन निष्पत्ती वेगळ्या केल्या. नव्या संकल्पना जुन्यांशी अर्थपूर्ण रीतीने जोडल्या गेल्या तर सखोल अध्ययन, नव्या संकल्पना आल्या पण जुन्या रचनेशी जोडल्या गेल्या नाहीत तर वरवरचे अध्ययन, आणि काहीच बदल दिसला नाही तर अन्-अध्ययन. वर्गात हजेरी आणि परीक्षेत उत्तीर्णता असूनही अन्-अध्ययन संभवते, हा या वर्गीकरणाचा महत्त्वाचा भाग आहे.

## उदाहरण

पुढील उदाहरण केवळ रीत स्पष्ट करण्यासाठी रचलेले आहे. केंद्रवर्ती प्रश्न : 'वनस्पतींना अन्न कोठून मिळते?' वनस्पती मातीतून अन्न घेतात ही कल्पना जगभरातील विद्यार्थ्यांत आढळते. मराठीत तिला भाषेचेही पाठबळ मिळते; कारण शेतीविषयक लेखनात नत्र, स्फुरद, पालाश यांना 'अन्नद्रव्ये' असे म्हणतात.

समजा, दोन विद्यार्थ्यांच्या पूर्वनकाशांत पुढील सहा विधाने सारखीच आहेत : (१) वनस्पतींना मुळे असतात. (२) मुळे जमिनीतून पाणी शोषतात. (३) मुळे जमिनीतून अन्न शोषतात. (४) खत हे वनस्पतींचे अन्न आहे. (५) वनस्पतींना पाने असतात. (६) वनस्पतींना सूर्यप्रकाश लागतो. यांपैकी तिसरे व चौथे विधान चुकीचे आहे.

प्रकाशसंश्लेषणाचा पाठ झाल्यावर पहिला विद्यार्थी सहाही विधाने कायम ठेवतो आणि चार नवी घालतो : पानांत हरितद्रव्य असते, हरितद्रव्याचा रंग हिरवा असतो, पानांना पर्णरंध्रे असतात, पर्णरंध्रांतून ऑक्सिजन बाहेर पडतो. दुसरा विद्यार्थी तिसरे व चौथे विधान काढून टाकतो आणि सहा नवी विधाने घालतो : मुळे जमिनीतून क्षार शोषतात, खतातून क्षार मिळतात, पाने हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतात, पाने अन्न तयार करतात, अन्न तयार होण्यास पाणी लागते, अन्न तयार होण्यास सूर्यप्रकाशाची ऊर्जा लागते.

| मापन | पहिला विद्यार्थी | दुसरा विद्यार्थी |
|---|---|---|
| पूर्वनकाशातील विधाने | ६ | ६ |
| उत्तरनकाशातील विधाने | १० | १० |
| टिकलेली विधाने | ६ | ४ |
| गळलेली विधाने | ० | २ |
| नवी विधाने | ४ | ६ |
| उरलेली चुकीची विधाने | २ | ० |
| पूर्वनकाशाशी साम्य | ६ ÷ १० = ०.६० | ४ ÷ १२ = ०.३३ |

एकूण विधाने मोजली तर दोघांचीही प्रगती सारखीच, म्हणजे चार विधानांची दिसते. प्रत्यक्षात पहिल्याच्या ज्ञानात केवळ भर पडली आहे. त्याची चारही नवी विधाने खरी आहेत आणि हरितद्रव्याविषयीच्या प्रश्नाचे उत्तर तो बरोबर लिहील. परंतु केंद्रवर्ती प्रश्नाचे त्याचे उत्तर पाठापूर्वी होते तेच आहे. दुसऱ्याच्या ज्ञानाची पुनर्रचना झाली आहे. मुळे आणि खत या संकल्पना त्याने टाकून दिल्या नाहीत, तर त्यांना नवे व योग्य संबंध दिले. सूर्यप्रकाश आणि पाणी हेही पूर्वी सुटे होते, ते आता अन्ननिर्मितीशी जोडले गेले आहेत. पहिल्या विद्यार्थ्याला अधिक माहिती देण्याने काही साधणार नाही. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या विधानांवरच काम करावे लागेल. अध्यापकाला हे दाखवून देणे हा या मापनाचा व्यावहारिक लाभ होय.

## मराठीतील नकाशे

इंग्रजी वाक्यात क्रियापद बहुधा कर्ता व कर्म यांच्या मध्ये येते. त्यामुळे चौकट, रेषा, चौकट या क्रमाने वाचले की वाक्य पूर्ण होते. मराठीत क्रियापद शेवटी येते व नामांना विभक्तिप्रत्यय लागतात. 'पाने' आणि 'अन्न' यांमधील रेषेवर 'तयार करतात' असे लिहिले असता वाचकाला दोन्ही संकल्पना आधी व जोडशब्द शेवटी घ्यावा लागतो. 'हरितद्रव्य' व 'पान' यांना जोडताना 'पानात असते' असे सामान्यरूप करावे लागते. म्हणून चौकटीत नामाचे मूळ रूप ठेवून प्रत्यय रेषेवर घेणे, बाणाने दिशा दाखवणे आणि प्रत्येक दुव्याखाली पूर्ण वाक्य लिहून घेणे सोयीचे ठरते. गुणांकनात 'पान', 'पाने' व 'पानात' ही एकच संकल्पना धरावी लागते. 'अन्न' आणि 'अन्नद्रव्य' या मात्र दोन संकल्पना आहेत.

महाराष्ट्रात बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील स्वाध्यायांत 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असा प्रश्नप्रकार परिचित आहे. त्यात बहुधा मध्यभागी एक संकल्पना आणि सभोवती भरावयाच्या रिकाम्या चौकटी असतात, रेषांवर जोडशब्द नसतात. हा प्रकार उजळणीस उपयुक्त असला तरी त्यातून विधाने तयार होत नसल्यामुळे ज्ञानातील बदल मोजण्यास तो अपुरा पडतो. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी संकल्पना नकाशातील संदिग्धता कमी करण्यासाठी मनाला येतील त्या जोडशब्दांऐवजी निश्चित अर्थाचे, मर्यादित संबंधदर्शक शब्द वापरण्याची सुधारित रीत सुचवली आहे.

## मर्यादा व टीका

* कागदावर नसलेली संकल्पना मनातही नाही, असे म्हणता येत नाही. थकवा, वेळेची कमतरता किंवा लेखनातील अडचण यांमुळेही नकाशा तोकडा राहतो. म्हणून महत्त्वाच्या निष्कर्षांपूर्वी अल्प मुलाखत घेणे इष्ट असते.
* संरचनात्मक गुणांकनात श्रेणीरचनेला महत्त्व असते. पण जलचक्रासारखे चक्राकार विषय किंवा कारणपरंपरा असलेले विषय उतरंडीत नीट बसत नाहीत.
* जोडशब्द अस्पष्ट असल्यास ('संबंधित आहे', 'असते') विधान खरे असूनही आकलनाविषयी काहीच सांगत नाही.
* तज्ज्ञांचे नकाशेही एकमेकांपासून भिन्न असतात. त्यामुळे एकाच नकाशाला प्रमाण मानल्यास योग्य पण वेगळी मांडणी करणाऱ्या विद्यार्थ्यावर अन्याय होऊ शकतो.
* मोठ्या पटसंख्येच्या वर्गात शेकडो विधाने दोनदा तपासणे वेळखाऊ असते.
* पूर्वनकाशा काढणे हाही एक अध्ययनानुभव असल्याने दिसलेल्या बदलाचा काही भाग त्याचाच परिणाम असू शकतो. नियंत्रित गटाकडून दोन्ही नकाशे काढून घेतल्यास हा भाग वेगळा करता येतो.

अध्ययनाचे साधन म्हणून नकाशाची परिणामकारकता हा स्वतंत्र प्रश्न आहे. जॉन नेसबिट व ओलुसोला अडेसोपे यांनी २००६ मध्ये ५५ अभ्यासांचे (एकूण ५,८१८ सहभागी) एकत्रित विश्लेषण करून नकाशांचा उपयोग ज्ञान टिकण्यास साहाय्यक ठरत असल्याचे दाखवले. याउलट जेफ्री कारपिक व जेनेल ब्लंट यांच्या २०११ मधील प्रयोगांत, मजकूर समोर ठेवून नकाशा काढणाऱ्यांपेक्षा मजकूर वाचून तो आठवून लिहिणाऱ्यांना पुढील चाचणीत अधिक यश मिळाले. ही टीका अध्ययनतंत्राला लागू होते. मापनात नकाशा पुस्तक मिटून काढलेला असतो, म्हणून तेथे तिचा आशय वेगळा ठरतो. पुस्तक उघडे ठेवून काढलेला नकाशा ज्ञानाचा पुरावा मानू नये, ही दक्षता मात्र तिच्यावरून अधोरेखित होते.

## हेही पहा

* अर्थपूर्ण अध्ययन
* ज्ञानरचनावाद
* डेव्हिड ऑसुबेल
* झां पियाजे
* प्रकाशसंश्लेषण
* शैक्षणिक मूल्यमापन